अपूर्णांक शिकवणारे काका

कुर्डुवाडीतल्या आमच्या सरकारी शाळेचा पट घसरला आणि गणिताचे सर अतिरिक्त ठरून करमाळ्याकडे गेले. सहावी-सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मी मराठीची शिक्षिका. दहावीला गणितात काठावर पास झालेली.

उन्हाळ्यात आम्ही पोरं मिळवायला घरोघर फिरायचो. रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीत एका आईनं दारातच विचारलं, "आमची पोरगी सहावीला जाणार हाय. गणित कोण शिकवतं तुमच्याकडं?"

"मीच."

"चांगलं शिकवता का?"

सकाळपासून दारोदार शाळेचं कौतुक सांगून मी दमले होते. तोंडातून खरं निघून गेलं. "नाही हो. मलाच अवघड जातं."

सोबतच्या शिक्षिकेनं कपाळाला हात लावला. आतून त्या आईचे सासरे बाहेर आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. "बाईंना पाणी दे की," एवढंच सुनेला म्हणाले.

जूनमध्ये नात आमच्या शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात, मुख्याध्यापकांना विचारून, आजोबाही वर्गात येऊन बसले. मी अपूर्णांकांची बेरीज शिकवत होते. तास संपल्यावर हळूच म्हणाले, "बाई, तुमी पाठ केलंय. समजलेलं न्हाय."

मला राग आला. घरी गेल्यावर रडूही आलं. पण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "काका, मला शिकवाल?"

मग रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास ते माझ्यासाठी थांबू लागले. आपली पोलादी पट्टी समोर ठेवून म्हणाले, "हे एक सूत, इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हंजे पाव इंच. आता पाव इंचात एक सूत मिळवा. किती झालं?"

मी बोट ठेवून मोजलं. तीन सूत. तीन छेद आठ! छेद सारखे का करायचे, हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

नंतर पोरंही बाकं, खिडक्या, फळा मोजत सुटली. चाचणीत सगळी चमकली असं नाही. दोघं-तिघं अजून छेद वर लिहितात. पण कोरा पेपर कुणी दिला नाही. दिवाळीनंतर त्याच गल्लीतल्या दोन मुली इंग्रजी शाळा सोडून आमच्याकडे आल्या. पट फार वाढला नाही, पण त्या वर्षी आणखी कुणा शिक्षकाला शाळा सोडावी लागली नाही.

सातवीला समीकरणं आली तेव्हा काका हसले. "हे मला येत न्हाय, बाई. आता तुमी शिका अन् मला सांगा."

तेव्हापासून नवा धडा मी आदल्या दिवशी त्यांना समजावते. ते शंका विचारून भंडावून सोडतात. वर्गात पोरं काय विचारतील याची धास्ती आता मला वाटत नाही. दारात कबूल केलेल्या माझ्या कमीपणाला ते हसले नाहीत, शिकवायला आले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.