लार्टरांचा चर

विल्फ लार्टरने इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या आपल्या गावात तीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि तीस वर्षं घरामागच्या चराबद्दल कानांवर हात ठेवले. दर शरदात ग्रामपंचायतीचं पत्र यायचं, ‘चर उपसा.’ विल्फ वळणदार अक्षरात उत्तर धाडायचा, ‘चर शेजारच्या मिस कॅचपोल यांचा आहे.’ शिवाय चर दरवर्षी उपसलेला दिसायचा. मग तो एनिड कॅचपोलचा नाही तर कुणाचा? एवढं सोपं गणित पंचायतीला कळू नये, याचं त्याला वाईट वाटायचं.

त्याच्या बायकोला, म्युरिअलला, जाऊन चार वर्षं झाली होती. चराच्या काठावर नाशपातीचं जुनं झाड होतं. त्याच्या फळांचं ती लोणचं घालायची. त्या झाडाखालच्या बाकावर बसून विल्फ अजून तिच्याशी बोलायचा. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. गावाला अर्थात ठाऊक होतं.

गेले तीन हिवाळे चर तुंबून एनिडच्या स्वयंपाकघरात पाणी शिरत होतं. ऑक्टोबरात एका गुरुवारी तिने कुंपणावरून डोकं वर काढलं.

“विल्फ, चर माझा ना? तुझी तीस पत्रं आहेत पंचायतीत. मग काठावरचं झाडही माझंच झालं. त्याची मुळं चरात घुसलीत. सोमवारी करवतवाले येतायत.”

“एनिड, तू असं करणार नाहीस!”

“चाळीस वर्षं पोस्टात काढलीत मी. कागदावर असतं ते मी मानते. तुझ्याकडे दुसरा कागद असेल तर आण.”

विल्फला रात्रभर झोप लागली नाही. शुक्रवारी दार उघडायच्या आतच तो जिल्ह्याच्या दफ्तरखान्यासमोर उभा होता. पिशवी बाहेर, पेन बाहेर, लिमलेटची गोळीही बाहेर. आत फक्त पेन्सिल न्यायची. टेबलामागच्या मिस मॉइसला त्याने आपली अडचण सांगितली.

“आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या त्याच घरात आहे. कुणी सरदार, धनुर्धारी असणारच. त्याच्या नावावर चर असेल, तेवढं शोधा.”

तिने गावच्या जुन्या कोर्टाचे चामड्याचे कागद मऊ उशीवर उलगडले. सगळं लॅटिनमध्ये होतं. दुपारी तिने हाक मारली.

“सापडले, मिस्टर लार्टर. रिचर्ड लार्टर, सोळावं शतक. जागा तुमचीच दिसते, मागे चर, पुढे चर्चची भिंत.”

“सरदार?”

“आरोपी.”

विल्फने खुर्ची ओढली.

“लागोपाठ अकरा वर्षं दंड झालाय त्यांना,” मिस मॉइस बोट फिरवत म्हणाली. “स्वतःचा चर न उपसल्याबद्दल.”

“आणि त्यांचं म्हणणं काय होतं?”

“दरवर्षी तेच. चर शेजाऱ्याचा आहे.”

विल्फ इतक्या जोरात हसला की पलीकडच्या दोन म्हाताऱ्या दचकल्या. मग त्याचे कान लाल झाले.

“कोर्टाने ऐकलं नाही त्यांचं,” ती हळूच म्हणाली. “बारा गावकऱ्यांनी शपथेवर सांगितलं, चर लार्टरांचाच.”

त्या कागदाची नक्कल घेऊन विल्फ घरीसुद्धा न जाता एनिडच्या दारात उभा राहिला. तीस वर्षांचे शब्द गिळणं सोपं नव्हतं, पण झाडासाठी त्याने ते गिळले. एनिडने चष्मा लावून मिस मॉइसचं भाषांतर दोनदा वाचलं.

“ठीक. झाड तुझं,” ती म्हणाली. “चरही तुझा.”

मग ती खोपटात गेली आणि लाल लोकर गुंडाळलेल्या दांड्याचं फावडं घेऊन आली.

“हे तर आमचं!” विल्फ ओरडला. “म्युरिअल म्हणाली होती चोरीला गेलं!”

“दर ऑक्टोबरात तू बस घेऊन गेलास की ती चरात उतरायची. मी वरून चहा द्यायची. ती म्हणायची, ‘त्याला सांगू नकोस हं. ती पत्रं लिहिताना फार खूष असतो तो.’”

विल्फचे डोळे भरून आले. त्याने फावडं तिच्या हातातून घेतलं.

“करवतवाल्यांना नको म्हणून कळव,” तो म्हणाला.

“कुणाला कळवू? मी बोलावलंय कुणाला?”

शनिवारी सकाळी एनिड चहा घेऊन चरापाशी आली. विल्फ गुडघाभर चिखलात उभा होता. त्याने फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि तो रिकाम्या बाकाकडे बघून म्हणत होता, “सांगायचंस की गं मला.”