उंटाच्या पायाखालचा नंबर

मौद्याकडे जाताना मुरूम खणून खणून उघडं पाडलेलं एक माळरान आहे. गवत नाही, झाड नाही, चालणाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत धूळ उडते. आसपासची माणसं त्याला 'रेगिस्तान' म्हणतात. वर्षातून दोन-चार रविवारी तिथं जुन्या मोटारींची शर्यत लागते. दहा जणांनी वापरून टाकलेल्या लहान गाड्या, मागच्या सीटा काढलेल्या, काचेच्या जागी जाळी, आणि स्टिअरिंगवर आपापल्या गॅरेजचे हिरो. मी त्यांचे फोटो काढते. पंधरा वर्षं काढतेय, आणि पंधरा वर्षं शिट्टीवाला मला सांगतोय, "ओ मॅडम, मागं व्हा, लेडीजसाठी तिकडं मंडप आहे." मंडपातून मंडपच दिसतो. मी वळणावर उभी राहते, तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून. आमचं ऊन मार्चातच डोकं फिरवतं, आणि माझं तसंही लवकर फिरतं.

पोट भरतं ते शोरूमवर. नव्या गाडीची डिलिव्हरी असली की मला बोलावतात. बॉनेटला रिबन, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, आजीपासून नातवापर्यंत सगळे रांगेत. मी म्हणते हसा, ते हसतात. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण त्या फोटोंत मी कुठं असते, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. रेगिस्तानातल्या फोटोंत मी असते.

आणि तिथं काका असतात. काका म्हणजे या गाड्या रंगवणारे पेंटर. कामठी रोडवर ट्रकांच्या बॉड्या बांधायचं एक यार्ड आहे, तिथं त्यांची बैठक. साठी ओलांडलेली. आयुष्यभर ट्रकांच्या मागं मोर, कमळं, वाघ काढले. त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरची अक्षरंही त्यांचीच. मग मशीनचे स्टिकर आले आणि ट्रकवाले निघून गेले. शर्यतवाले तेवढे टिकले, कारण गाडी एकदा उलटली की स्टिकर सोलून निघतो. काकांचा रंग पत्र्याबरोबर चेपतो, पण सुटत नाही.

शर्यतीच्या गाड्यांवर ते उंट काढतात. रेगिस्तान म्हटल्यावर उंट हवाच, असा त्यांचा हिशोब. कोणाला वाटेल, कुठल्यातरी चित्रातला पाहून काढला असेल. मुळीच नाही. थंडीत आमच्याकडं मेंढ्या घेऊन उंटवाले उतरतात, शेताशेतांत मुक्काम करतात. काका सायकलवर वही बांधून तिथं जायचे आणि दिवस दिवस उंटांसमोर बसायचे. म्हणून त्यांच्या उंटाचा ओठ लोंबता असतो, पापण्या लांब असतात, आणि चेहऱ्यावर 'तुमचं चालू द्या' असा भाव असतो. उंटाच्या मागच्या पायाखाली, लाल ऑइलपेंटमध्ये, बारीक अक्षरांत, काकांचं नाव आणि मोबाइल नंबर.

आता जे सांगायचं ते मला सांगावंसं वाटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी एका टायरवाल्याला कॅलेंडर काढायचं होतं. त्याला माझा उंटाचा फोटो आवडला. "तेवढं नाव-नंबर काढा मॅडम, कॅलेंडरवर दुसऱ्याची जाहिरात कशाला?" कॉम्प्युटरवर ते दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं. असली साफसफाई मी रोज करत होते, कधी नंबरप्लेट, कधी भिंतीवरची पिंक.

ते कॅलेंडर यार्डातल्या चहाच्या टपरीवर लागलं. मी चहा प्यायला गेले तर काका त्याच्यासमोर उभे. उंटाच्या पायाखाली बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "इथं काही होतं काय वं?"

"होतं."

"काय होतं?"

त्यांना ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून वदवून घेतलं. मी म्हणाले, "तुमचं नाव काका. आणि नंबर."

"मंग गेलं कुठं?"

"मी काढलं."

ते ओरडले असते तर मी पण ओरडले असते, तोंडाला तोंड देणं मला जमतं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "उंट पाहून मले कोणी फोन नाही करत, पोरी. नंबर पाहून करतेत." आणि कामाला लागले. मला शरम वाटली. शरमेपेक्षा राग जास्त आला, आणि तो टायरवाल्याचा नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढं कोणाच्याही फोटोतून कोणाचंही नाव मी पुसणार नाही. शोरूमच्या साहेबांनी यावरून दोनदा तोंड वाकडं केलं. करू दे.

गेल्या मार्चात माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो मला मिळाला. धावत्या गाडीचा फोटो काढायचा तर कॅमेरा तिच्याबरोबर त्याच वेगानं फिरवावा लागतो. जमलं तर गाडी स्वच्छ येते आणि मागचं जग पुसट होतं. शंभरात एखादा साधतो. त्या दिवशी एक डबडं वळणावरच्या उंचवट्यावरून उडालं, चारही चाकं हवेत, खाली धुळीचा लोट, आणि दारावरचा उंट खरोखर पळत असल्यासारखा. पायाखालचं नाव, नंबर, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

एका मोठ्या वाहन कंपनीनं शहरात 'वेग आणि कला' की असंच काहीतरी प्रदर्शन भरवलं होतं. माझा तो फोटो निवडला गेला. मी घरभर नाचले. दोन दिवसांनी संयोजकांचा फोन आला. भाषा एकदम इस्त्रीची.

"फोटो अप्रतिम आहे. फक्त खालचं तेवढं क्लीन करून पाठवा."

"काय खालचं?"

"तो नंबर वगैरे. जाहिरातीसारखं वाटतं. आणि मॅडम, लोककलेला नाव नसतं. तेच तर तिचं सौंदर्य आहे."

मी म्हटलं, "नाव नसतं की तुमच्यासारखे फोन करतात म्हणून राहत नाही? तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रायोजकांची केवढी रांग आहे, ती नाही वाटत जाहिरातीसारखी?"

ते हसले. "तुम्ही घेऊन तर या, समोरासमोर बोलू."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रिंट हातात आला. पलंगाएवढा. गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या मांजरपाटात गुंडाळून मी आधी यार्डात नेला. काकांना दाखवायचा होता, आणि खरं सांगते, माफीही हवी होती. मी कापड काढलं. काका उंटाच्या पायाशी वाकले. मी वाट बघत होते, आता डोळे भरतील, आता काही बोलतील.

"नंबर जुना हाय," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"हे गाडी दोन वरसं आधी रंगवली. तो सिम बंद पडला नं मंग." आणि त्यांनी लाल रंगाचा डबा उघडला.

मी किंचाळले. "काका! प्रिंट आहे तो!"

"काहून वं, चुकीचा नंबर टांगतं काय भितीवर?"

डाव्या हातात काठी आडवी धरून, तिच्यावर उजवा हात टेकवून, त्यांनी जुन्या नंबरावर एक सरळ रेघ ओढली. खाली नवा नंबर लिहिला, जुन्यापेक्षा मोठा. दहाही आकडे एका उंचीचे. माझ्या पंधरा वर्षांतल्या सर्वांत चांगल्या फोटोवर ओला ऑइलपेंट. मग मला एकदम उमगलं की हा नंबर आता कोणत्याच कॉम्प्युटरवर पुसता येणार नाही, आणि मी यार्डात उभी राहून एकटीच खदाखदा हसले.

मी काकांना विचारलं, हे सगळं मी कधीतरी पुस्तकात लिहिलं तर तुमचं नाव लिहू ना? ते म्हणाले, "पुस्तक वाचून गाडी रंगवायले कोण येते? राहू दे." म्हणून इथं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोजकांनी प्रिंट बघितला आणि त्यांच्या भाषेची इस्त्री मोडली. "हे काय करून ठेवलंत? खराब केलात चांगला फोटो!"

"दुरुस्त केलाय," मी म्हणाले.

"हा आत लागणार नाही."

"नका लावू."

मी तो हॉलच्या बाहेर, फूटपाथवर, कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि शेजारी उभी राहिले. सुरक्षारक्षक येऊन हटकून गेला. मी म्हटलं, रस्ता तुझ्या साहेबांचा नाही. सकाळची दुपार झाली. आत जाणारे थांबायचे, बघायचे, काही जण मोबाइलमध्ये फोटो काढायचे. शेवटी संयोजक स्वतः बाहेर आले. सूर मवाळ होता. नंबरावर पांढरी पट्टी लावू, खाली माझं नाव मोठ्या अक्षरांत टाकू, आत सगळ्यांत चांगली भिंत देऊ. खोटं कशाला बोलू, त्या भिंतीचा मोह मला झाला. आजवर माझं नाव कुठल्याच भिंतीवर लागलेलं नाही.

मी काही बोलायच्या आत एक मालवाहू टेम्पो कडेला लागला. ड्रायव्हर उतरला, फोटोसमोर उकिडवा बसला, उंटाच्या ओठाजवळ डोळे नेले.

"ताई, हा पेंटर मोर बी काढते काय? मले मोर पाहिजे होता मागं."

"त्यांनाच विचारा ना. नंबर आहे."

त्यानं मोबाइल काढला. अजून चिकट असलेल्या रंगाला बोट लागू नये म्हणून हात मागं धरून तो एकेक आकडा वाचून दाबायला लागला. फोटो कोणी काढला, ते त्यानं विचारलं नाही. मला लागलं, आणि लागलं तरी मी संयोजकांकडं बघून मान हलवली. नाही. पट्टी नाही.

टेम्पोवाल्यानं फोन स्पीकरवर टाकला. दोनदा वाजला. मग रस्त्याच्या गोंगाटात, आम्हा तिघांना ऐकू येईल असा, खणखणीत आवाज आला, "हां बोला, पेंटर बोलून राहिलो."