कांद्याची मान आणि दुखवट्याची मतं

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा मी इंटरनेटवर शहाणा ठरलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण ठरलो हे खरं आहे. लोकांनी मतं देऊन ठरवलं.

मी चौथी शिकलेला माणूस. एकलहऱ्याला वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात हेल्पर लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. बायको गेल्यावर पोराने मला जेल रोडला त्याच्या फ्लॅटवर आणलं. दोन हजार सात-आठचा सुमार असेल, घरोघरी नेट यायला लागलं होतं. पोरगा शिफ्टला जायचा. घरात मी आणि सून. मी गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत राहायचो. सुनेला ते बघवेना. एक दिवस तिने खुर्ची ओढली आणि मला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

तिथं मराठी माणसांची एक जागा होती. कुणीही प्रश्न विचारावा, ज्याला येईल त्याने उत्तर द्यावं. मुतखड्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं चालायचं. प्रत्येक उत्तराशेजारी दोन बाण, आणि त्याखाली कुणी काही लिहिलं तर त्याशेजारीही. पटलं तर वरचा दाबायचा, नाही पटलं तर खालचा. ज्याला मतं जास्त त्याचं उत्तर सगळ्यात वर. सून वाचून दाखवायची, मला काही सुचलं तर मी बोलायचो आणि ती टाइप करायची. आठवडाभर मला काही सुचलं नाही. मग कांद्याचा प्रश्न आला.

एका तरुणाने पहिल्यांदाच चाळ बांधली होती. चाळ म्हणजे उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकावा म्हणून बांधतात ती फटींची शेड. त्याने विचारलं होतं, कांदा भरण्याआधी पात किती कापायची, आणि ऊन किती द्यायचं?

सून म्हणाली, "आईंचं माहेर देवळ्याचं, कांद्याच्या मुलखातलं. तुम्हाला माहीत असेल ना बाबा?"

"माझं सगळं आयुष्य कोळशात गेलं. कांद्याचं तिला माहीत."

"मग तिचंच सांगा."

आणि मी सांगत सुटलो. दर उन्हाळ्यात ती माहेराहून दोन गोण्या कांदा आणायची, आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर पसरायची, विळीवर बसून एकेका कांद्याची पात बुंध्यापासून साफ उडवायची, आणि टोपली उन्हात ठेवायची. तो कांदा मला रोज भाकरीबरोबर मिळायचा. मी सांगितलं तसं सुनेने लिहिलं: पात साफ कापा, बुंध्याला काही ठेवू नका, आठवडाभर कडक ऊन द्या, मग भरा. आणि खाली लिहिलं, हे माझ्या बायकोचं सांगणं आहे, ती आता नाही, तिच्या हातचा कांदा कधी सडला नाही.

ते शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. मीच सांगितलं.

माझ्या आधी एकाने उत्तर दिलेलं होतं. दोन ओळींचं. "मान बोटभर ठेवा. कापल्यावर सावलीत सुकवा, उन्हाने पोळतो." मान म्हणजे कांद्याच्या डोक्यावर राखायचा पातीचा बुंधा. ना राम राम, ना पुढे काही. सून म्हणाली, "कसलं तुसडं लिहितो हा." मला पण तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझं उत्तर वर आणि तो खाली. लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं. काकूंना नमस्कार. काका, डोळ्यात पाणी आलं. अशी माणसं आता होत नाहीत. सून वाचत होती आणि मी तोंड पुसत होतो. ती गेली तेव्हा आमच्या कॉलनीतलेच लोक आले होते. तिला कधी न पाहिलेली माणसं तिला नमस्कार करताहेत, हे मला लय मोठं वाटलं.

तो तुसडा माणूस परत आला. त्याने माझ्या उत्तराखाली लिहिलं, "हे चूक आहे. काकूंबद्दल आदर आहे, पण कांद्याला ते कळत नाही."

मग लोक त्याच्यावर तुटून पडले. माणुसकी आहे की नाही. तुझ्या घरी कुणी गेलं असतं म्हणजे समजलं असतं. त्याच्या उत्तराशेजारचा आकडा शून्याच्या खाली गेला.

"मी माझ्या मैत्रिणींना फोन केला होता," सून म्हणाली. "माहेरीही सांगितलं. म्हटलं, आमच्या बाबांना वर आणा आणि त्या शिष्टाला खाली दाबा."

"त्यांना कांद्यातलं कळतं?"

"बाबा, त्यात काय कळायचंय. आपला माणूस आहे म्हणून द्यायचं."

मी हसलो. तिला थांबवलं नाही. उलट जेवताना पोराला सांगितलं, तुझ्या बायकोने एकाची बरी जिरवली.

ज्याने प्रश्न विचारला होता त्याने आमचे आभार मानले. "काकूंच्या सांगण्याप्रमाणे करतो," असं लिहिलं.

वर्षश्राद्धाला देवळ्याहून माझी धाकटी मेव्हणी आली. बायकोच्या पाठची बहीण, अजून शेतात राबते, तोंडाने फटकळ. जेवणं झाल्यावर सुनेने तिला कौतुकाने कॉम्प्युटरसमोर बसवलं. "मावशी, बघा आईंचं केवढं नाव झालंय." आणि वाचून दाखवलं.

मेव्हणी ऐकत होती. पात साफ कापा इथं आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"दाजी, हे अक्कानं सांगितलं?"

"तिला करताना बघितलंय मी."

"काय बघितलं?"

मी विळीचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं, टोपलीचं सांगितलं.

"आन् कॉटखालचं?"

"कॉटखाली काय?"

"जाड मानेचा, जोडाचा कांदा टिकत नाय. तो ती आधी काढायची आन् साफ कापून ओट्यावर उन्हात टाकायची, चार-आठ दिवसांत तुमच्या पोटात जायला. टिकवायचा कांदा ती मान ठेवून कॉटखाली पसरायची. गार सावलीत. दिवाळीपर्यंत काय खात होते तुम्ही?"

मी म्हणालो, "कांदा."

"तेवढंच ठाऊक तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. "अक्काच्या नावावर कशाला खपवलं मग? तुमच्या नावावर खपवायचं."

मी चपला घालून खाली जाऊन आलो. खाली मला काही काम नव्हतं.

त्या कॉटवर मी सगळा संसार झोपलो. खाली वाकून कधी बघितलं नाही. माझ्या ताटात येईल तेवढंच तिचं काम मी बघितलं होतं, आणि तेवढ्याच्या जोरावर तिचं सांगणं म्हणून जगाला सांगितलं. तिने हे ऐकलं असतं तर काही बोलली नसती. तोंडाला पदर लावून हसली असती, आणि ते मला जास्त लागलं असतं.

पण खरी काळजी त्या तरुणाची होती. वर आल्यावर मी सुनेला म्हणालो, लिही. बायकोने असं सांगितलं नव्हतं, मला नीट माहीत नव्हतं. खालच्या माणसाचं खरं आहे. मान ठेवा, उन्हात असेल तो माल आत्ता सावलीत घ्या. मला मतं देऊ नका, त्यांना द्या.

तिने लिहिलं. संध्याकाळी बघितलं तर माझी मतं वाढली होती. "काका, केवढं मोठं मन." "चूक कबूल करायला हिंमत लागते." त्या माणसाला कुणी काही दिलं नाही. तो होता तिथंच, शून्याच्या खाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही कांद्याची मतं नव्हतीच. आमच्याकडे माणूस गेलं की सोयरे दुखवटा काढायला येतात. टॉवेल-टोपी देतात, साडी देतात, दोन गोड शब्द बोलतात. तसा हा दुखवटा होता. घ्यायला कुणाची ना नाही. पण तो मी चाळीच्या दारात घेत बसलो होतो, आणि माझ्यामुळे आत जायची वाट अडली होती. नवा माणूस येणार, सगळ्यात वरचं वाचणार, पात साफ उडवणार. खाली मी काय कबूल केलंय ते वाचायला कोण थांबतो.

सुनेला विचारलं, "पुसता येतं का?"

"येतं. पण मग खालचं सगळं जाईल बाबा. आईंबद्दल लोकांनी लिहिलंय ते पण."

"जाऊ दे."

"एकदा वाचू का?"

मला हो म्हणायचं होतं. लय वाटत होतं, एकदा ऐकावं. पण ऐकलं असतं तर पुसू दिलं नसतं. मी म्हणालो, "नको. दाब."

तिने दाबलं. मग स्वतःहून तिने त्या माणसाच्या शेजारचा आपला खालचा बाण काढला आणि वरचा दाबला. मैत्रिणींना परत फोन केले. एकीने ऐकलं, बाकीच्या म्हणाल्या, आता कुठे शोधत बसू. तुडवायला सगळे आले होते, उचलायला कुणाला वेळ नव्हता.

त्या तरुणाने दोन दिवसांनी लिहिलं. निम्मा माल साफ कापून झाला होता. त्याने त्या तुसड्या माणसाला विचारलं, आता काय करू? उत्तर आलं, "कापलेला आधी विका. उरलेल्याची मान ठेवा." तेवढंच. तरुणाने त्याचे आभार मानले. मला काही विचारलं नाही, ते बरोबरच होतं. कापलेल्या मालाला त्याला भाव काय मिळाला हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्या माणसाच्या उत्तराखाली येऊन लिहिलं, "एका म्हाताऱ्या काकांना त्यांचं उत्तर काढायला लावलंत, शोभतं का तुम्हाला?" त्याला चार मतंही पडली होती.

मी सुनेला उठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसलो. म्हटलं, एकेक अक्षर दाखव, मी दाबतो. दुपार गेली त्यात. "तो म्हातारा मी. मला कुणी लावलं नाही. मला येत नव्हतं. यांना बोलू नका." बायकोचं नाव यावेळी कुठंच घातलं नाही.

त्याला कुणी मत दिलं नाही. मी दोन-तीन दिवस बघत होतो, देतात की काय म्हणून. मग बघायचं सोडलं.