पूर्वसूचनेचा तास

मी सातवीला मराठी शिकवते. उपमा, रूपक मुलं पटकन पकडतात, पण माझा जीव पूर्वसूचनेवर. गोष्टीत पुढे जे घडणार त्याची खूण लेखक आधीच कुठंतरी ठेवून देतो. आपण ती वाचून पुढे जातो आणि शेवट कळल्यावर कपाळावर हात मारून घेतो. गोष्टीत उगाच काही नसतं, असं मी वर्गाला ठासून सांगितलं होतं. मग त्यांना चाळाच लागला. मी नवी साडी नेसून गेले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, पूर्वसूचना, आज चाचणी. मलाही मजा वाटायची.

आमची शाळा बोईसरला, कारखान्यांच्या वसाहतीला लागून. इथं अधूनमधून सायरनचा सराव असतो. त्या दिवशी शिपाईकाका आधीच घंटेपाशी येऊन उभे राहतात. मुलं ओले रुमाल नाकाला लावतात, खोकायचं नाटक करतात आणि तास बुडाला म्हणून खूश होतात. म्हणून त्या दुपारी सायरन वाजला तेव्हा कुणीच घाबरलं नाही. दोघीतिघी हसत हसत खोकायलाही लागल्या. मी सवयीनं बाहेर पाहिलं. घंटेपाशी कुणी नव्हतं. 

मग वास आला. रोजचे वास आमच्या अंगवळणी पडलेत, हा घसा धरणारा होता. खिडक्या लावा, कुणालाही बाहेर सोडू नका, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. कुठल्याशा कारखान्यात गळती झाली होती, याहून जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गातलं खोकणं आता खरं होतं. बाटल्यांतल्या पाण्यानं आम्ही रुमाल, ओढण्या भिजवल्या.  मुलांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी पुस्तक घेतलं आणि मोठ्यानं धडा वाचू लागले. कुठला धडा, ते आज आठवत नाही.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून माझ्याजवळ आली. तिचं घर मूळचं जव्हारकडचं, आई इथं वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. तोंडावरचा रुमाल न काढताच ती हळू बोलली.

"बाई, आई आज कामाला जाताना मागं वळली. कदी वळत नाय. ती पूर्वसूचना हाय ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणाले. गोष्ट लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो म्हणून तो खूण ठेवतो, आपल्या दिवसाचा शेवट कुणालाच माहीत नसतो, मग खूण ठेवणार कोण, असं काहीबाही समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पण तुमीच बोललात, उगाच काय नसतं."

 तिला शेजारी बसवून मी वाचत राहिले. खरं सांगायचं तर तोवर मीही माझी सकाळ तपासू लागले होते. निघताना मी घरच्यांशी काय बोलले, दाराशी कोण उभं होतं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी वारा फिरला, वास विरला आणि फाटक उघडलं. पालकांच्या गर्दीत तिची आई होती, डोळे लालभडक, पाय अनवाणी. पोरगी तिला बिलगली नाही. आधी विचारलं, सकाळी मागं का वळलीस. आई गोंधळली. दोरीवरची चादर आत घेतली की नाही तेच बघत होते, म्हणाली. मी भिंतीला टेकून हसले, हसता हसता रडूही आलं.

शाळा पुन्हा भरली त्या सकाळी मी फाटकाशी उभी होते. माय-लेकी आल्या. मागं बघायचं नाय, असं मुलीनं आईला बजावलं. आई हसली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि मान ताठ ठेवून कामाच्या वाटेला लागली. चार पावलं गेली असेल, तेव्हा माझं लक्ष गेलं. आईचा जेवणाचा डबा मुलीच्याच हातात राहिला होता.

मुलीनंही तो पाहिला. तिनं हाक मारली नाही. मीही मारली नाही.