आबांचा तळमजला

कोणत्याही कागदावर सही करायच्या आधी आबा तो उभ्याने वाचत. बसून वाचलं की डोळा लागतो, आणि पेंगत केलेली सही आपली नसते, असं ते म्हणत. गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात ताटकळला तरी पावतीची मागची बाजू वाचून झाल्याशिवाय पेन उघडायचं नाही. माझ्याशी भाडेकरार केला तेव्हा पाऊण तास ते खिडकीजवळ उभे होते. टंकलेखनाच्या तीन चुका त्यांनी काढल्या. त्यातली एक त्यांच्या फायद्याची होती. तीही दुरुस्त करून घेतली आणि मग सही केली.

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्यांचं दुमजली घर होतं. तळमजल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर, मागच्या खोलीत आबा. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मी तिथे जाण्याआधीच गेल्या होत्या. मुलगा नाशिकला नोकरीला. तो दिवाळीला आणि मे महिन्यात आला की वरचा मजला उघडायचा, एरवी बंद. आबांचे गुडघे कामातून गेले होते आणि घराचा जिना अरुंद, उभा, सोळा पायऱ्यांचा. वर काय आहे ते आता मला आठवतही नाही, असं ते मजेत सांगत.

पाळणाघराला जागा मिळवण्यासाठी मी आधी सात-आठ घरं फिरले होते. बहुतेकांनी रडारड नको म्हणून सांगितलं. आबांनी फक्त विचारलं, “मुलं किती आणि माणसं किती?” मी म्हटलं, बारा-पंधरा मुलं, मी आणि एक मदतनीस. ते म्हणाले, “दोन माणसं कमी पडतील. मी तिसरा.”

हे तिसरं माणूस काय करणार ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आबांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये झाली होती. दर तासाला यंत्रांचे आकडे बघायचे आणि वहीत लिहायचे. निवृत्तीनंतर हात रिकामा राहिला होता. त्यांनी एक जाड वही आणली, रेघा मारल्या आणि दर तासाला मागच्या खोलीतून काठी टेकत यायला लागले. ‘सकाळी अकरा. मुलं चौदा. झोपलेली तीन. एक रडते, कारण कळलं नाही. कूलरमध्ये पाणी निम्मं.’ मला सुरुवातीला ही वही म्हणजे माझ्यावरची पाळत वाटायची. मग एकदा एका बाळाला ताप आला आणि डॉक्टरांनी विचारलं, किती वाजल्यापासून मलूल आहे? मला सांगता येईना. आबांच्या वहीत होतं. त्या दिवसापासून सगळ्या आया त्यांना लॉगबुकवाले आबा म्हणायला लागल्या.

या आयांमध्ये दोघी शाळेतल्या बाई होत्या, एक सरकारी दवाखान्यात परिचारिका, बाकी बहुतेक जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला जाणाऱ्या. त्यातली सुनंदा पहिल्या दिवशी लेकीला घेऊन आली तेव्हा मुलीच्या घोट्याभोवती एक गडद वळ होता. सुनंदानेच खाली बघत सांगितलं, की घरात कोणी नसतं, मग खाटेच्या पायाला ओढणीने बांधून कामावर जायची. आबा तिथेच होते. वहीत त्या दिवशी एवढंच होतं: ‘एक नवीन. चालते. दिवसभर चालली.’

तीन वर्षं अशी गेली. मग नगरपालिकेने नव्याने घरांची मोजणी केली. कर विभागाची माणसं फीत घेऊन आली, पाळणाघराची पाटी पाहिली आणि तळमजल्यापुढे ‘बिगरनिवासी’ असं लिहून गेली. त्या वर्षीची घरपट्टीची नोटीस आली तेव्हा आबांनी ती दोनदा वाचली. दुकानाला लागते तशी आकारणी झाली होती. पेन्शनीत ती बसणारी नव्हती. मुलाचा नाशिकहून फोन आला. कर दुकानाचाच भरायचा तर जागा दुकानालाच देऊ, मोबाइलवाला एक जण कधीचा मागतोय, असं त्याचं म्हणणं. त्याचं काही चुकत नव्हतं.

मी आबांना म्हटलं, वाढीव रक्कम मी भाड्यात देते. त्यांनी विचारलं, कुठून देणार? मी म्हटलं, फी वाढवीन. ते म्हणाले, “मग सुनंदा पोरीला पुन्हा बांधून जाईल.”

मी जागा शोधायला लागले. आबांनी दुसराच शोध सुरू केला. रोज सकाळी रिक्षा करून ते नगरपालिकेत जायचे, बाकड्यावर बसायचे आणि दिसेल तो ठराव मागून घेऊन वाचायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी ते आले आणि दारातच म्हणाले, “सापडलं.” ज्या इमारतीत पाळणाघर चालतं, तिथल्या त्या मजल्याला घरपट्टीत सवलत द्यायची, असा ठराव आमच्या नगरपालिकेने आधीच केलेला होता. कोणी अर्जच केला नव्हता, म्हणून कोणाला माहीतही नव्हता.

अर्ज भरला. स्थळपाहणीला एक तरुण लिपिक आले. सज्जन माणूस. खरंच मुलं असतात का, याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा आबांनी तीन वर्षांच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. लिपिक वाचत बसले, मध्येच हसले, आणि म्हणाले की असा पुरावा मी आजवर पाहिला नाही. मग ते मागच्या खोलीत डोकावले. तिथे आबांची खाट होती, देव होते, अक्कांचा फोटो होता.

लिपिकांनी अडचण समजावून सांगितली. सवलत मजल्याला आहे, आणि अर्जदाराने हमीपत्रावर लिहून द्यायचं असतं की संपूर्ण मजला मुलांच्या संगोपनासाठीच वापरात आहे. मजल्याचा काही भाग राहता असेल तर ठराव लागू होत नाही. एवढं सांगून तेच हळू आवाजात म्हणाले, “आबा, तुम्ही लिहून द्या. एका खोलीसाठी कोण बघायला येतंय?”

आबांनी हमीपत्र हातात घेतलं, उभं राहून वाचलं आणि परत केलं. रागावले की ते आपल्या गावाकडच्या अहिराणीवर यायचे. या वेळी ते रागावले नव्हते, तरी म्हणाले, “हाई खोटं शे.”

मी मध्ये पडले. आजही मला ते आठवलं की बरं वाटत नाही. मी म्हटलं, “आबा, एका ओळीचा तर प्रश्न आहे. पंधरा मुलांचा विचार करा.”

ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “तोच करतोय. या साहेबांना आठ दिवसांनी यायला सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगमधले दोन हमाल आले. आबांनी वरचा मजला उघडला आणि खाट, कपाट, देव, फोटो असं सगळं एकेक करून वर गेलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून नको नको म्हणत होते. आबा सगळ्यांत शेवटी चढले. भिंतीला हात लावून, दर तिसऱ्या पायरीला थांबत. वर पोचल्यावर त्यांनी खाली वाकून मला एवढंच सांगितलं, की आता मागची खोली झाडून घे आणि तान्ही मुलं तिथे निजव, तिथे ऊन येत नाही.

आठ दिवसांनी लिपिक आले. तिसऱ्या खोलीत तीन झोळ्या टांगलेल्या होत्या आणि तिन्हींत मुलं होती. आबांनी सही केली. सवलत मंजूर झाली. मोबाइलच्या दुकानाचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही. त्या खोलीमुळे मला वर्षाच्या आतली बाळं घेता यायला लागली, आणि सुनंदाचं दुसरं मूल चार महिन्यांचं असताना आमच्याकडे आलं. आधी अशी बाळं मला नाकारावी लागत.

आबा त्यानंतर दिवसातून एकदाच खाली येत. सकाळी दहाला उतरायचे, संध्याकाळी शेवटचं मूल गेलं की चढायचे. मी एकदा विचारलं, की इतका त्रास होतो, मनात कधी येत नाही का, की ती एक ओळ लिहिली असती तर? ते म्हणाले, “येतं की. अकराव्या पायरीवर रोज येतं.” आणि हसले.

असे ते आणखी चार वर्षं चढले-उतरले. मग एका हिवाळ्यात गुडघ्यांनी पुरता असहकार पुकारला आणि मुलगा त्यांना न्यायला आला. नाशिकला ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होते. तिथेच गेले. मुलाने पाळणाघर तसंच राहू दिलं; दर वर्षी अर्जावर सही करायला तो स्वतः येतो. पण आबा गेले असं मी ज्याला म्हणते, तो दिवस हिवाळ्यातलाच.

सुनंदाच्या नवऱ्याने आणि आबांच्या मुलाने त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. खुर्ची ओट्यावर ठेवली. मुलं भोवती जमली. आमच्याकडे एक नियम आहे: मुलाला न्यायला अनोळखी माणूस आलं, तर मी आधी मुलालाच विचारते, ओळखतोस ना यांना? मुलाने हो म्हटल्यावरही आईला फोन केल्याशिवाय सोडत नाही. गुड्डी नावाची साडेतीन वर्षांची मुलगी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. तिने आबांच्या मुलाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आबांना विचारलं, “तुले लेवाले कोन उनं?”

आबा म्हणाले, “मना पोऱ्या उना.”

“वळखस ना त्याले?”

आबांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला तो माणूस खुर्चीचा हात धरून उभा होता.

“वळखस,” आबा म्हणाले.

गुड्डीने थोडा विचार केला आणि ती वाटेतून बाजूला झाली.