अनंतानं बंद केलेली जागा

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी तुयेच्या कारखान्याच्या फाटकात हजेरी लावत होतो. "दिगूभाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणी रडत होतं, कुणी खुर्च्या सरकवत होतं. मी आत जाऊन माझ्या टेबलाशी बसलो. शेजारचं टेबल अनंताचं. तो आजारपणाच्या रजेवर गेल्यापासून ते रिकामंच होतं, त्यामुळे तसं पाहिलं तर काहीच बदललं नव्हतं... आणि तेच मला सोसवेना. कारापूरला त्याच्या घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला महिना होत आला. अजून मी त्याच्याविषयी कुणाशी धड बोललेलो नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी बांद्याचा, तो डिचोली तालुक्यातला. त्याचे वडील शिरगावच्या खाणीवर टिपर चालवायचे. अनंत त्या तांबड्या धुळीत वाढला, पुढे इंजिनियर झाला आणि माझ्याआधी वर्षभर या कारखान्यात लागला. आम्ही दवाखान्यांसाठी मॉनिटर बनवतो. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावला की त्याच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते पडद्यावर दाखवणारी पेटी. तिच्यातल्या फ्लॅश मेमरीचा ड्रायव्हर अनंतानं लिहिला होता आणि तो तपासायचं काम माझं. पोरगा ड्रायव्हर लिहितो असं कानावर आल्यावर कारापुरात लोक त्याला विचारायचे, बापाचा टिपर विकून टाकलास की काय? तो म्हणायचा, छे, घराण्याचा धंदा सोडलेला नाही.

फ्लॅश मेमरी म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी चिप. तिच्यात रोजच्या नोंदी येतात, जुन्या पुसल्या जातात. पण एका कोपऱ्यात कॅलिब्रेशनचे आकडे असतात. चिमट्याकडून आलेल्या प्रकाशाचा अर्थ काय लावायचा, हे त्या आकड्यांवरून ठरतं. ते बिघडले तर पेटी बंद पडत नाही, छातीठोकपणे खोटं सांगते. त्यापेक्षा बंद पडलेली परवडली. म्हणून अनंताच्या ड्रायव्हरचं मुख्य काम नकार देणं हेच होतं. मेमरीत काही लिहायचं तर ड्रायव्हरला विचारूनच लिहावं लागे, आणि कुणी त्या कोपऱ्यातला पत्ता दिला की तो सरळ परत पाठवी. कारखान्यात एकदा आकडे भरले की चिपला कुलूप लागायचं, आणि त्याची चावी अनंतानं स्वतःसाठीसुद्धा ठेवली नव्हती. माणूसही तसाच. लईराई देवीच्या जत्रेआधी व्रत धरलं की कॅन्टीनचा चहा नाही म्हणजे नाही, मग मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या हातानं कप पुढे केलेला का असेना. आम्ही त्याला पुष्कळ छळलं. तो घरून आणलेली केळी खात बसायचा आणि आमच्याकडे बघायचासुद्धा नाही.

या चावीवरूनच पुढे बिनसलं. कुठल्या पेटीचा आकडा थोडा जरी सरकला तरी ती सोडवून चिप बदलायला तुयेला पाठवावी लागे, आणि तोवर लहान दवाखान्याची एक खाट पेटीविना राहायची. ड्रायव्हरमध्ये एक सांकेतिक शब्द ठेवा, तो टाकून तंत्रज्ञ जागेवरच दुरुस्ती करतील, असं मॅनेजरांचं म्हणणं होतं. मीही त्यांच्याच बाजूचा होतो, आणि त्यांची अडचण मला आजही खोटी वाटत नाही. अनंत मात्र हटून बसला. एकदा बाहेर चहाच्या गाड्यावर मला म्हणाला, "ती जागा उगडची न्हय, दिगू. आज आमी उगडटले, फाल्यां कोणूय उगडटलो." आज आपण उघडली तर उद्या कुणीही उघडील, ही त्याची भीती. मी त्याला आडमुठा म्हटलं. शेवटी मोठ्या ऑफिसातून हुकूम आला, आणि चतुर्थीच्या सुटीआधी त्यानं मान खाली घालून तो शब्द ड्रायव्हरमध्ये घातला.

पुढे जे झालं ते आमच्याच धंद्यात होऊ शकतं. एका दवाखान्यात आमची नवी पेटी आणि कुणाची तरी जुनी पेटी शेजारी शेजारी होत्या, आणि दोघी एकाच माणसाचा वेगवेगळा आकडा दाखवत. डॉक्टर वैतागले. तंत्रज्ञ भला माणूस, भांडण नको म्हणून त्यानं तो शब्द टाकून आमची पेटी जुनीशी जुळवून दिली. चुकत होती ती जुनी! खरं बोलणाऱ्या पेटीला त्यानं खोट्याची संगत लावून दिली, आणि दोन्ही पडदे एकसारखे दिसल्यावर सगळे खूश झाले. मग एक म्हातारी दाखल झाली. पडद्यावरचा आकडा चांगला, आणि बाईचे ओठ निळे पडत चाललेले. तिथल्या नर्सनं पडद्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघितलं, म्हणून ती वाचली. अनंत तिला भेटायला गेला. ती उठून बसली होती. तिनं त्याला तू कुणाचा म्हणून विचारलं आणि उशाचं मोसंबं काढून दिलं. तिथून परतल्यावर त्यानं आधी चावी काढून टाकली, आणि मग बाहेर गेलेली एकेक पेटी परत आणायला लागला. कुडाळ, दोडामार्ग, जिथे म्हणून पेटी गेली होती तिथे एसटीनं जायचा, ती मांडीवर घेऊन यायचा, आकडे नव्यानं भरायचा आणि कायमची बंद करायचा. कुणी त्याच्यावर ठपका ठेवला नव्हता. पण त्यानंतर तो थट्टा करीनासा झाला. आमच्यात बसायचा, पण नुसता बसायचा.

खोकला त्याच सुमाराला सुरू झाला. आम्ही एसटीच्या धुळीला दोष दिला. तपासण्या झाल्यावर कळलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि त्यावर फारसा इलाज नाही. कुणी खाणीला बोल लावला, कुणी नशिबाला. तो कुणाशीच वाद घालायचा नाही, वाद घालायला तेवढा श्वास लागतो.

शेवटचा भेटलो तो डिचोलीच्या दवाखान्यात. उशाशी आमचीच पेटी होती. मी बसतोय तोच त्यानं बोटानं तिच्याकडे खूण केली. "फाटल्यान पळय," म्हणाला. मागच्या पट्टीवरचा नंबर मी वाचून दाखवला. चावी काढल्यानंतरची पेटी होती. त्यानं समाधानानं डोळे मिटले. पडद्यावरचा आकडा मात्र बघवत नव्हता, आणि मी होतो तेवढ्या वेळातही तो उतरतच होता.

वहिनी माझ्यामागून बाहेर आल्या आणि मला खिडकीकडे घेऊन गेल्या. "भाऊजी, ही पेटी चूक दाखयता न्हय? एकदा चुकली म्हणून हांणींच म्हाका सांगिल्लें." त्यांना माझ्याकडून एक हो हवा होता. तेवढ्यावर त्यांची ती रात्र निघाली असती. माझ्या तोंडापर्यंत आलंही... पण आत तो पडून होता, आणि त्यानं उभं आयुष्य ज्या एका गोष्टीसाठी घालवलं तीच मी बाहेर येऊन खोटी पाडायची? "नाय वहिनी," मी म्हटलं, "बरोबर दाखयता." त्या आत गेल्या आणि त्यांनी पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. अनंतानं डोळे उघडले. आता बोलणं जमत नव्हतं. त्यानं हात उचलला आणि बोटानंच दाखवलं, परत वळव. वहिनींनी वळवली. मला त्याचा इतका राग आला की निरोप न घेताच मी जिना उतरलो.

गेल्या आठवड्यात वार्षिक तपासणीसाठी मी त्याच दवाखान्यात गेलो होतो. त्या खाटेवर बेळगावकडचा एक गवंडी होता, त्याची बायको पायथ्याशी बसलेली. नर्सनं त्याला तेवढ्यापुरती दुसरी पेटी लावून दिली आणि मी आमची माझ्या लॅपटॉपला जोडली. नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून त्या बंद कोपऱ्यात एक आकडा लिहून पाहिला. ड्रायव्हरनं नकार दिला. माझं काम झालं होतं. तरी मी पुन्हा लिहून पाहिलं, आणखी एकदा पाहिलं. दर वेळी तसाच सरळ, कोरडा नकार. मला रडू फुटलं ते तिथे, परक्या माणसांसमोर. गवंड्याची बायको घाबरून उठली. "का वो, बिघडलीया काय?"

नाही, मी म्हटलं, बिघडली नाही. ही बिघडायची नाही. मग चिमटा गवंड्याच्या बोटाला परत लावला, आणि मी नि त्याची बायको आकडा येण्याची वाट बघत उभे राहिलो.