दगडावरची की झाडातली

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "पाखरं बघायला कधी जाऊ?" महिनाभर त्यांनी कसाबसा दम धरला. मग थंडीतल्या एका रविवारी, उजाडायच्या आत, माझ्या स्कूटरवरून आम्ही पुंडलिकनगरातून निघालो. पडेगाव मागं पडलं आणि गारठा कानात शिरला. खुलताबादचा घाट चढेपर्यंत रस्ता, झाडं, बाबांचा खांद्यावरचा हात, सगळंच धुक्यात विरघळल्यासारखं झालं होतं.

डोंगरातल्या ओढ्याकाठी दाट झाडी आहे. मागचे दोन हिवाळे मी तिथं एकटीच यायचे. तिथं दिसणाऱ्या एका तपकिरी पक्ष्याची मी वहीत 'निळ्या कस्तुराची मादी' अशी नोंद केली होती. निळा कस्तूर खडकांवर राहतो, त्याचा भाऊबंद निळ्या डोक्याचा कस्तूर झाडीत. नर चटकन ओळखू येतात. माद्या मात्र दोन्ही तपकिरी, दोघींच्या छातीवर खवल्यांसारखी नक्षी.

ती आजही होती, पाचोळ्यात. बाबांनी दुर्बीण लावली. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "अगं, हिच्या पाठीवर निळसर झाक कुठंय? पोटही पांढरं दिसतंय."

"ऊन नाही ना बाबा, म्हणून तसं वाटतं."

मागं शेळ्यांच्या घंट्या वाजल्या. हातात काठी घेतलेली एक बाई कधीची उभी होती कोण जाणे.

"काय बघायलेत?"

मी दाखवलं. म्हटलं, "दगडावर बसतो ना निळा पक्षी, त्याची मादी."

"नाय ओ बाई. ती वर कड्यापाशी ऱ्हाती. तिला हुसकली तर दगडावर जाऊन बसती. ही झाडातली हाय. बघा आता." तिनं शेळीला हाक घातली. पक्षी भुर्रकन उडाला आणि सागाच्या आतल्या फांदीवर, सावलीत जाऊन गप्प बसला. शेजारी दगडांची रास मोकळीच होती.

"लई वर्सं बघते मी हिला," म्हणत बाई शेळ्यांमागं गेलीसुद्धा.

मला कानकोंडं झालं. दोन वर्षं मी पुस्तकातले खवले मोजत बसले, पण तो पक्षी उडून कुठं जातो हे एकदाही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं धुकं पातळ झालं. त्याच झाडात नर दिसला: निळं डोकं, विटकरी पोट, पंखावर पांढरा ठिपका. शंकेला जागाच उरली नाही. मी वही काढून जुन्या नोंदी खोडल्या.

मादी पुन्हा खाली उतरून पानं उलटू लागली. एकटक बघून बाबांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मी रुमाल पुढं केला, तर त्यांनी तो घेतला नाही.

"थांब," ते कुजबुजले, "तेवढ्यात उडाली तर?"